विचारलं कुणाला?

‘माझ्याकडे साइट उघडतेय, त्यांच्याकडे उघडत नाही.’ डोमेन आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या कानावर हे वाक्य आठवड्यातून दोन-चारदा तरी पडतं. ऐकणाऱ्याची पहिली धाव असते ती दोघांपैकी कुणाचं चुकतंय हे शोधण्याकडे. या कामात मुरायला वेळ लागतो तो एवढ्याचसाठी की इथे बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी इंटरनेटची व्यवस्था, एकाच क्षणी दोन माणसांना दोन वेगळी उत्तरं देऊ शकते आणि तरीही तिच्यात काहीही बिघडलेलं नसतं. त्यामुळे ‘डीएनएसमध्ये आत्ता काय आहे?’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. कुणाला विचारलं, नेमकं काय विचारलं आणि मिळालेलं उत्तर किती जुनं आहे, हे तिन्ही धरून तो पूर्ण होतो. माझं म्हणणं असं की डीएनएसची अवजारं याच कसोटीवर निवडावीत. या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवतं ते अवजार कामाचं. त्या झाकून फक्त निकाल सांगणारं, हिरवी खूण किंवा लाल फुली दाखवणारं अवजार कितीही देखणं असलं, तरी अडचणीच्या वेळी ते आपला वेळ खातं आणि वर भलत्याच माणसावर आळ आणतं.

ही कसोटी माझ्या आवडीनिवडीतून आलेली नाही, ती व्यवस्थेच्या घडणीतच आहे. १९८३ पूर्वी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या, सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच मजकूर फायलीत असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती फाइल कुणालाच झेपेना. नोव्हेंबर १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ या दोन दस्तऐवजांत नवी रचना मांडली, आणि १९८७च्या आरएफसी १०३४ आणि १०३५ यांनी तिला आजचं पक्कं रूप दिलं. तिचा गाभा असा की सगळं काही माहीत असलेलं ठिकाण आता कुठेच उरलं नाही. मूळ सर्व्हरला फक्त ‘कॉम’चे किंवा ‘इन’चे सर्व्हर कोण ते ठाऊक, त्यांना फक्त त्यांच्या खालच्या डोमेनचे सर्व्हर कोण ते ठाऊक, आणि खरा पत्ता त्या शेवटच्या दफ्तरात. यांच्या आणि आपल्यामध्ये उभे असतात ते रिझॉल्व्हर. ते आपल्या वतीने ही सगळी दारं वाजवतात आणि मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ लक्षात ठेवतात. आपल्याकडच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळतं. तलाठ्याच्या दफ्तरात फेरफार नोंदला गेला तरी गावातल्या लोकांच्या पिशवीतल्या जुन्या झेरॉक्स आपोआप बदलत नाहीत, आणि ती झेरॉक्स दाखवणारा माणूस खोटारडा नसतो. फरक इतकाच की डीएनएसच्या प्रत्येक झेरॉक्सवर ‘ही इतके सेकंद धरा, मग टाकून द्या’ असा आकडा छापलेला असतो. त्याला टीटीएल म्हणतात.

आता डिग या अवजाराकडे जरा जवळून पाहू. ते बाइंड या डीएनएस सर्व्हरसोबत येतं. बाइंडचा जन्म १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला, चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हातून. डिगला एक नाव विचारलं की टर्मिनलवर वीसेक ओळी येतात आणि नवशिका त्यातला फक्त आयपी पत्ता उचलतो. खरं तर पत्ता ही त्यातली सगळ्यात कमी बोलकी ओळ. वरच्या भागात ‘स्टेटस’ असतं, म्हणजे उत्तर देणाऱ्याने काय सूर लावला ते. त्याखाली फ्लॅग असतात. त्यात ‘एए’ असेल तर उत्तर खुद्द दफ्तरातून आलंय, नसेल तर ते कुणाच्या तरी आठवणीतलं आहे. मग प्रश्नाचा विभाग येतो. तिथे आपण विचारलं असं आपल्याला वाटतं ते नसतं, तारेवरून जे गेलं ते छापलेलं असतं. उत्तराच्या ओळीत नावाच्या लगेच पुढे टीटीएल. तोच रिझॉल्व्हर, तेच नाव, दहा सेकंदांनी पुन्हा विचारा. ३६०० होते तिथे ३५९० दिसले तर समजावं की ही झेरॉक्स आहे आणि तिचं आयुष्य आपल्यासमोर सरतंय. आकडा दर वेळी जसाच्या तसा येत असेल तर बहुधा आपण मूळ दफ्तराशीच बोलतोय. मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे हा आकडा कधी खाली, कधी एकदम वर उडी मारतो. त्यात गोंधळण्यासारखं काही नाही, एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रं आणि त्यांच्या वेगवेगळ्या आठवणी असतात. सगळ्यात खाली एक ओळ असते, ‘सर्व्हर’. उत्तर कुणी दिलं त्याचा पत्ता आणि पोर्ट ५३. साक्षीखाली साक्षीदाराची सही असावी तशी ती ओळ आहे, आणि तक्रारीसोबत चिकटवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नेमकी तीच कापलेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. डिग सगळ्यांकडे नसतं, विंडोजवर ते वेगळं बसवावं लागतं. एनएसलुकअप मात्र तिथे आधीपासून असतं आणि त्याचं उत्तर चार ओळींत संपतं, मग नवख्या माणसाला वीस ओळींच्या जंगलात का पाठवायचं? आक्षेपात तथ्य आहे. बाइंडच्या कर्त्यांनीसुद्धा एके काळी एनएसलुकअप मोडीत काढल्याची सूचना छापायला सुरुवात केली होती आणि पुढे ती मागे घेतली. त्यामुळे ते वापरूच नये असं मी म्हणत नाही. पण ते काय झाकतं हे ठाऊक असायला हवं. साध्या वापरात ते टीटीएल दाखवत नाही, म्हणजे उत्तराचं वय गेलं. ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ अशी ओळ ते छापतं आणि ती वाचून लोक घाबरतात, जणू उत्तर बनावट आहे. ती ओळ फक्त ‘हे आठवणीतलं आहे’ एवढंच सांगत असते. सर्व्हरच्या नावापुढे कधी ‘अननोन’ येतं आणि बिघाड सापडला असं वाटतं, पण तिथे फक्त त्या रिझॉल्व्हरच्या पत्त्यावरून त्याचं नाव उलटं शोधता आलेलं नसतं. शिवाय ते आपल्या नावापुढे कार्यालयाच्या नेटवर्कचा प्रत्यय जोडून विचारू शकतं, म्हणजे प्रश्नच बदलतो. नावाच्या शेवटी पूर्णविरामाचा ठिपका दिला की हे थांबतं. थोडक्यात, चार ओळींचं सोपेपण हे वाचायचं सोपेपण आहे, समजण्याचं नाही. नवख्याला डिगच्या वीस ओळींपैकी स्टेटस, फ्लॅग, प्रश्न, टीटीएल आणि सर्व्हर या पाच जागा दाखवायला एक दुपार पुरते. उलट एनएसलुकअपने करून ठेवलेले गैरसमज निस्तरायला वर्षं लागतात.

या गैरसमजांचा शिरोमणी म्हणजे ‘प्रोपगेशन’. डोमेनचा रेकॉर्ड बदलला की विकणारा सांगतो, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबा, बदल जगभर पसरतोय. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं ते एका ठिकाणाहून निघून देशोदेशी पोहोचणारं काहीतरी. प्रत्यक्षात काहीच कुठे निघत नाही. दफ्तरातली नोंद बदलली, तिथलं काम तिथेच संपलं. बाकी चाललेलं असतं ते जुन्या झेरॉक्सचं कालबाह्य होणं, प्रत्येकीचं आपापल्या घड्याळाप्रमाणे. टीटीएल ३०० सेकंद असेल तर जुनं उत्तर पाच मिनिटांत संपायला हवं, तिथे दोन दिवस थांबायला सांगणं म्हणजे बिघाडाला दोन दिवस पांघरूण घालणं आहे. अठ्ठेचाळीस तासांच्या आकड्याला आधार नाही असं मात्र नाही. ‘कॉम’चे सर्व्हर आपल्या खालच्या डोमेनचे नेमसर्व्हर सांगताना १,७२,८०० सेकंदांचा टीटीएल देतात, ते बरोबर दोन दिवस होतात. म्हणजे नेमसर्व्हरच बदलले असतील तर ती मुदत खरी, साधा पत्ता बदलला असेल तर नाही. हा भेद डिगच्या एका आकड्यात दिसतो आणि ‘प्रोपगेशन चेकर’ म्हणवणाऱ्या नकाशावर दिसत नाही. त्या नकाशावर वीस शहरांपुढे खुणा उमटतात, पण त्या शहरातल्या ज्या रिझॉल्व्हरला विचारलं तोच आपला ग्राहक वापरतो की नाही, हे कुणी सांगत नाही. या नकाशांचा उपयोग आहे, तो नाकारणं अन्यायाचं होईल. एकाच नावाला मुंबईत एक आणि फ्रँकफर्टमध्ये दुसरं उत्तर मुद्दाम दिलं जात असेल, तर बाहेरून अनेक जागांहून पाहण्याला पर्याय नाही. पण साताऱ्यातल्या ग्राहकाला साइट का दिसत नाही, या प्रश्नाचं उत्तर साओ पावलोच्या हिरव्या खुणेत नसतं.

याच प्रकरणाचा एक कोपरा जास्त बारकाईने पाहावा असा आहे, कारण तिथे तपासणारा माणूसच बिघाड पेरतो. ‘असं नाव अस्तित्वात नाही’ हेसुद्धा एक उत्तरच असतं आणि रिझॉल्व्हर तेही लक्षात ठेवतात. किती वेळ, हे झोनच्या, म्हणजे दफ्तरातल्या त्या डोमेनच्या नोंदवहीच्या, एसओए रेकॉर्डवरून ठरतं. त्या रेकॉर्डचा स्वतःचा टीटीएल आणि त्यातला शेवटचा आकडा, या दोहोंपैकी लहान तो. १९९८च्या आरएफसी २३०८ने हे निश्चित केलं. आता नेहमीचा क्रम पाहा. नवं उपनाव तयार करायचंय, म्हणून आधी ते मोकळं आहे ना हे तपासलं. रिझॉल्व्हरने ‘नाही’ असं उत्तर आणलं आणि जपून ठेवलं. मग रेकॉर्ड केला, पुन्हा तपासलं, अजून ‘नाही’. घाईने रेकॉर्ड पुसून पुन्हा केला, स्पेलिंग पाहिलं, सपोर्टला तिकीट टाकलं. एसओएतला आकडा ८६,४०० असेल तर हा खेळ दिवसभर चालू शकतो, आणि दफ्तरात नोंद पहिल्या मिनिटापासून बरोबर असते. इलाज दोन आहेत. तपासणी करायची ती थेट दफ्तराच्या सर्व्हरला ॲटच्या चिन्हाने नाव घालून विचारून करायची. आणि स्वतःच्या ताब्यातल्या रिझॉल्व्हरमध्ये आठवण अडकली असेल तर सगळी पुसण्याऐवजी बाइंडच्या आरएनडीसी या अवजाराच्या फ्लशनेम हुकमाने तेवढं एकच नाव पुसायचं. दोन्हींत तत्त्व तेच: कुणाच्या आठवणीशी आपण बोलतोय हे आधी ठरवा.

स्टेटसचीही अशीच गत होते. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे ते नावच नाही. ‘नोएरर’ आणि उत्तरांची संख्या शून्य, म्हणजे नाव आहे पण विचारलेल्या प्रकारचा रेकॉर्ड नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे चुकीच्या दारात उभे आहोत. ‘सर्व्हफेल’ म्हणजे रिझॉल्व्हरला उत्तर मिळवता आलं नाही, किंवा मिळालं पण त्याचा विश्वास बसला नाही. ही चार निदानं वेगवेगळ्या खोल्यांकडे नेतात, आणि ब्राउझर चौघांनाही जवळपास एकाच वाक्यात गुंडाळतो. सर्व्हफेलपाशी डिगचा ‘+सीडी’ हा पर्याय फार मोलाचा. त्याने रिझॉल्व्हरला सांगितलं जातं की डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर अस्सल असल्याच्या, सह्या तपासू नकोस, मिळालंय ते दे. साध्या प्रश्नाला सर्व्हफेल आणि ‘+सीडी’सकट पत्ता मिळाला, तर दोष सह्यांच्या साखळीत आहे हे एका मिनिटात कळतं. मग डीएनएसव्हिझसारखं अवजार घ्यायचं. मूळ सर्व्हरपासून खालपर्यंत कुणी कुणाच्या किल्लीला दुजोरा दिलाय याचं चित्र ते काढतं आणि कुठला दुवा तुटलाय ते दाखवतं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅकची सेवा अनेकांना मिळेनाशी झाली, ती डीएनएससेक चालू करून मागे घेताना. वरच्या दफ्तरातला दुजोऱ्याचा डीएस रेकॉर्ड काढून टाकला तरी रिझॉल्व्हरांच्या आठवणीत तो चोवीस तास राहणार होता, आणि त्याच्या भरवशावर ते सह्या मागत राहिले. दफ्तरात सगळं पूर्वीसारखं, बाहेर मात्र अंधार. तिथेही ज्यांच्या रिझॉल्व्हरने तो रेकॉर्ड कधी साठवलाच नव्हता त्यांचं नीट चाललं होतं. २०२०च्या आरएफसी ८९१४ने सर्व्हफेलसोबत कारणही कळवायची सोय केली, म्हणजे सही कालबाह्य झाली, किल्ली सापडली नाही, सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलं नाही, असं. ही सोय सगळ्या रिझॉल्व्हरांनी आणि सगळ्या अवजारांनी उचलून धरायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे आणि जास्त वजनदार. डिगने कितीही खरं सांगितलं तरी माणूस डिग वापरत नाही, ब्राउझर वापरतो, आणि ब्राउझरचा रस्ता वेगळा असतो. हे खरं आहे. डिग यंत्रावरची होस्ट्स फाइल पाहत नाही, थेट सर्व्हरला विचारतं, त्यामुळे त्या फायलीत कुणी जुना पत्ता लिहून ठेवला असेल तर डिग बरोबर आणि ब्राउझर चूक असा देखावा होतो. लिनक्सवर त्यासाठी गेटेंट वापरावं लागतं, ते प्रोग्रॅम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने जातं. विंडोजवर एनएसलुकअप यंत्राच्या स्वतःच्या डीएनएस आठवणीला वळसा घालतं, म्हणून ती आठवण पुसण्याआधी आणि नंतर त्याचं उत्तर तेच राहू शकतं आणि पुसण्याचा उपयोग झाला नाही असं वाटतं. २०१८च्या आरएफसी ८४८४नंतर ब्राउझर डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसच्या आवरणातून स्वतःच निवडलेल्या रिझॉल्व्हरकडे पाठवू लागले. कार्यालयाच्या आतलं नाव मग त्या बाहेरच्या रिझॉल्व्हरला ठाऊकच नसतं. पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. डिग चुकलं कुठे? त्याने कुणाला विचारलं ते शेवटच्या ओळीत लिहून दिलं होतं. कोणाला विचारलं हे लपवतोय तो ब्राउझर. म्हणून अवजारांनीच त्या वाटेने जायला शिकावं हे योग्य, आणि ती शिकलीही. बाइंडच्या ९.१८ आवृत्तीपासून डिगलाही ‘+एचटीटीपीएस’ देऊन तोच रस्ता धरता येतो. ‘+ट्रेस’बद्दलही सावध करायला हवं. ते मूळ सर्व्हरपासून एकेक पायरी स्वतः उतरतं, त्यामुळे साखळी कुठे तुटली ते सुरेख दिसतं, पण रिझॉल्व्हरच्या आठवणीला बगल दिल्यामुळे ग्राहकाला काय दिसतंय हे त्यातून कळत नाही. ‘ट्रेस तर बरोबर येतोय’ म्हणून तिकीट बंद करणं ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

विचारण्याच्या अवजारांबद्दल इतकं, आता लिहिण्याच्या अवजारांकडे. झोन फायलीत नावाच्या शेवटी ठिपका नसेल तर सर्व्हर त्यापुढे झोनचं नाव जोडतो. ‘मेल.एक्झाम्पल.कॉम’ असं ठिपक्याविना लिहिलं की प्रत्यक्षात तयार होतं ‘मेल.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम’, आणि कंपनीची मेल बंद पडते. वाचणाऱ्या डोळ्याला ती ओळ पूर्ण शुद्ध दिसते. १२ ऑक्टोबर २००९ रोजी स्वीडनच्या ‘एसई’ या अख्ख्या देशाच्या झोनमध्ये हेच झालं. झोन तयार करणाऱ्या प्रोग्रॅममधून शेवटचा ठिपका गळला आणि सुमारे नऊ लाख डोमेनची नावं सापडेनाशी झाली. दुरुस्त झोन लवकरच आला, तरी रिझॉल्व्हरांनी साठवलेली चुकीची उत्तरं त्यानंतरही रेंगाळली. इथे उपयोगी पडतं ते नेम्ड-चेकझोनसारखं साधं अवजार. मेल सर्व्हरचं जुळं झालेलं नाव पाहून ते ‘याला पत्ताच नाही’ असं सांगतं, आणि ते सांगतं झोन सर्व्हरवर चढण्याआधी. त्याने दाखवलेली ती लांबलचक जोडलेली ओळ हेच त्याचं खरं मोल. आपण काय लिहिलं यापेक्षा सर्व्हरला काय वाचता आलं, ते ते समोर धरतं.

इथे स्वयंचलनाचे कैवारी म्हणतील की हाताने झोन लिहिण्याचे दिवस गेले, रेकॉर्ड कोडमध्ये ठेवा आणि यंत्राला लावू द्या. मी त्यांच्याच बाजूचा आहे, एका अटीवर. गिटहबमधून आलेलं ऑक्टोडीएनएस हे अवजार मला आवडतं, कारण ते आधी चालू रेकॉर्ड आणि लिहिलेले रेकॉर्ड यांतला फरक ओळीओळीने मांडतं आणि मगच, वेगळा हुकूम दिल्यावर, लावतं. शिवाय झोनमधले तीस टक्क्यांहून जास्त रेकॉर्ड एका झटक्यात बदलणार किंवा पुसले जाणार असतील तर ते अडून बसतं. नकार देता येणं हा अवजाराचा मोठा गुण आहे. तो नसला किंवा त्याचा आधारच शिळा असला तर काय होतं, ते २० ऑक्टोबर २०२५ला दिसलं. त्या दिवशी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या डायनॅमोडीबी सेवेचं नाव पत्त्याविना उरलं आणि त्यावर उभ्या असंख्य सेवा कोसळल्या. कंपनीने नंतर दिलेला खुलासा प्रत्येक डीएनएस सांभाळणाऱ्याने वाचावा. एक घटक पत्त्यांच्या योजना बनवायचा आणि वेगवेगळ्या ठिकाणचे तीन घटक त्या लावायचे. लावणाऱ्यांपैकी एक फार रेंगाळला. आपली योजना आधीच्यापेक्षा नवी आहे ना, हे त्याने सुरुवातीला तपासलं होतं, पण प्रत्यक्ष लावेपर्यंत ते उत्तर शिळं झालं होतं. मधल्या काळात दुसऱ्याने नवी योजना लावली होती. या रेंगाळलेल्याने तिच्यावर जुनी चढवली, आणि दुसऱ्याच्या साफसफाईने ती फारच जुनी म्हणून पुसली. पत्ते सगळे गेले, आणि झालेल्या गुंत्यातून यंत्रणेला स्वतःहून बाहेर पडता येईना, शेवटी माणसाला हात घालावा लागला. पाच मिनिटांपूर्वीच्या झेरॉक्सवर विसंबणाऱ्या माणसाची चूक इथे यंत्राने केली. उत्तर किती जुनं आहे, हा प्रश्न म्हणूनच फक्त बिघाड शोधणाऱ्याचा नाही, तो स्वयंचलित यंत्रणेच्याही आत लिहिलेला असायला हवा, आणि तोही बदल करण्याच्या क्षणी.

एक गोष्ट राहते, अवजार स्वतः कशावर उभं आहे ती. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळं तुटलं. अशा कमांडी अडवायला बसवलेल्या तपासणी अवजारातच दोष होता, त्यामुळे ती अडली नाही. डेटा सेंटरशी बोलता येईना म्हणून डीएनएस सर्व्हरांनी, ठरवून दिल्याप्रमाणे, आपले रस्ते जगाला सांगणं थांबवलं. सर्व्हर चालू होते, त्यांच्यापर्यंत वाट नव्हती. बाहेरून विचारणाऱ्याला सर्व्हफेल दिसत होतं आणि त्या एका शब्दातून जाळं तुटलंय की नोंद बिघडलीय हे कळायला मार्ग नव्हता. दुरुस्तीची अंतर्गत अवजारं त्याच नावांवर अवलंबून असल्याने तीही बसली, आणि अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये जाऊन उभं राहावं लागलं. डीएनएस दुरुस्त करायला लागणाऱ्या यंत्रांचे पत्ते आकड्यांत, डीएनएसच्या बाहेर, कागदावर सुद्धा, ठेवावेत असं जुनी माणसं सांगतात. त्याला जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी त्या सहा तासांचा हिशेब मांडावा.

विचारलं कुणाला हे पाहिलं, उत्तराचं वय पाहिलं. ‘काय विचारलं’ हा तिसरा प्रश्न मराठी माणसासाठी आता पुस्तकी राहिलेला नाही. ऑगस्ट २०१४मध्ये ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्यय खुला झाला, त्यात मराठी आणि कोकणीही आल्या. डीएनएसमधून मात्र देवनागरी अक्षरं जात नाहीत, त्यांचं रोमन अक्षरं आणि आकड्यांत रूपांतर होतं. ‘.भारत’ तिथे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा दिसतो. आता ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द घ्या. डोंगरातल्या दऱ्या आणि कोळ्यांचा दर्या यांत फरक करणारी ती खूण संगणकावर दोन प्रकारे टंकता येते. एक म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, दुसरा म्हणजे साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही एकसारख्या, आतून दोन वेगळी नावं. त्यात २००३च्या आंतरराष्ट्रीय नावांच्या नियमांत ते न दिसणारं जोडचिन्ह गाळलं जायचं, म्हणजे दऱ्यांचा दर्या व्हायचा, आणि २००८च्या नियमांनी ते योग्य जागी राहू दिलं. जुन्या आणि नव्या नियमांनी चालणारी दोन सॉफ्टवेअरं एकच टंकलेलं नाव वेगवेगळं विचारू शकतात. नाव नोंदवताना रजिस्ट्री काय चालू देते तो आणखी वेगळा मुद्दा. अशा वेळी ‘नाव सापडत नाही’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. पडद्यावरच्या सुबक देवनागरीऐवजी ते ‘एक्सएन’ने सुरू होणारं कुरूप रूप दाखवणारं अवजार हवं, म्हणजे दोन रूपं एकाखाली एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहता येतात. डिगला ‘+नोआयडीएनआउट’ दिला की प्रश्न विभागात तेच दिसतं. देवनागरी डोमेन विकणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मराठी मुलामुलींना पहिल्या दिवशी शिकवावी अशी ही ओळ आहे, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारीत नाव नेहमी बरोबरच दिसणार.